घोळीला घातलेली साद

चारुशीला तरे जेट्टीवर उतरली, की खारेकुंडचे लोक बोलायचे थांबत नसत. फक्त विषय बदलत. आधी राखीव पट्ट्याला शिव्या चाललेल्या असत. ती जवळ आली की बर्फ, डिझेल, वारा असं काहीबाही सुरू होई, आणि ती गावाच्या रस्त्याला लागली की पुन्हा पट्टा. तिला हे ठाऊक होतं. मागून येणारा आवाज ओळखणं हा तर तिचा व्यवसायच होता.

ती याच गावची. वडिलांमागे त्यांची बोट थोरला भाऊ भावेश चालवत होता. चारू मात्र शिकत गेली. पाण्याखालच्या आवाजांच्या शास्त्रात डॉक्टर होऊन ती मुंबईच्या एका समुद्र-संशोधन संस्थेत लागली, तेव्हा गावाने बँड लावून तिला घरापर्यंत आणलं होतं. पुढे तिच्याच अहवालावरून खाडीच्या तोंडाशी मासेमारीबंदीचा पट्टा आखला गेला. नेमकी तीच जागा, जिथे तिच्या आज्याने आणि गावातल्या सगळ्यांच्याच आज्यांनी जाळी टाकली होती. त्यानंतर कुणी बँड लावला नाही.

पट्टा आखला होता तो घोळीसाठी.

जिवंत घोळ पाहिलेली माणसं तोवर किनाऱ्यावर थोडीच उरली होती. पुरी वाढलेली घोळ उभी धरली तर माणसाच्या छातीला लागते. पाठ राखाडी, तिच्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके. पोटाकडे येता येता रंग रुपेरी होतो आणि ताज्या माशावर तिरपं ऊन पडलं की त्यात पितळेची झाक येते. तोंड किंचित खालच्या अंगाला, हनुवटीवर बारीक छिद्रं, शेपूट निमुळती. एवढी देखणी, पण राहणार चिखलात. नितळ पाणी, खडक, पोवळी तिला मानवत नाहीत. नदीने आणलेला गाळ समुद्रात जिथे पसरतो, तिथल्या मऊ तळाशी ती कोळंबी, खेकडे आणि बारकी मासळी खात हिंडते. तिची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात, मोठी झाली की बाहेर खोल पाण्यात जातात, आणि विणीचे दिवस आले की थव्याने पुन्हा खाडीच्या तोंडाशी जमतात.

त्या गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही. मग जोडीदार शोधायचा कसा? घोळीने त्यावर आवाजाचा उपाय काढला. तिच्या पोटात हवेची एक पिशवी असते, कोळी तिला भोत म्हणतात. नर भोताच्या दोन्ही बाजूंचे स्नायू इतक्या झपाट्याने आखडतो आणि सोडतो, की ती पिशवी ढोलासारखी घुमते. कातरवेळी एक नर घुमू लागला की दुसरा त्याला जाब देतो, मग तिसरा, आणि बघता बघता सारा तळ घुमायला लागतो. त्या आवाजाच्या रोखाने माद्या येतात. घुमणं अगदी टिपेला पोचलं की त्या सगळ्या एकदम अंडी सोडतात. नरांचं बीज त्याच घडीला त्या अंड्यांना भेटलं, तरच पुढची पिढी. घोळीचं घुमणं म्हणजे नुसतं बोलावणं नव्हे, ते मुहूर्तही ठरवतं.

वाळवलेल्या भोताला परदेशात मोठी मागणी, म्हणून घोळ बेसुमार मारली गेली. जी उरली तिच्या वाट्याला नवं बंदर आलं. मोठ्या जहाजांची घरघर आणि गाळ उपसणाऱ्या यंत्रांचा गोंगाट रात्रंदिवस पाण्यात भरून राहिला. कोपऱ्यात चार नर घुमत असले तरी ते माद्यांना ऐकूच जाईना. भर वरातीत कुणी कानात कुजबुजावं तशी गत झाली.

चारूचा उपाय ऐकायला सोपा होता. घोळीचा आवाज पुरत नसेल, तर आपण तो पुरवायचा. तिच्या संस्थेने पट्ट्यातल्या तळावर पाण्यातले ध्वनिग्राहक बसवले. कुठला आवाज जहाजाचा, कुठला कोळंबीचा आणि कुठला घोळीचा, हे संगणक वेगळं करून सांगे. त्याच्या जोडीला पाण्यात वाजणारे भोंगे. असंख्य ध्वनिमुद्रणं चाळून चारूने एका दांडग्या नराचं घुमणं निवडलं, त्यातली जहाजांची घरघर काढून टाकली आणि दोन तुकडे जोडून एक सलग आवाज तयार केला. जोडाच्या जागी एक बारीक टिचकी राहून गेली होती. ती काढावी असं तिच्या मनात बऱ्याचदा आलं, पण घोळींना त्या टिचकीचं काही वाटत नव्हतं. या सगळ्या यंत्रणेला तिने नाव दिलं, साद.

पहिल्यांदा सादेला जाब आला तेव्हा चारू खाडीच्या काठावरच्या केबिनमध्ये एकटीच होती. सूर्य टेकला होता. कानावरच्या हेडफोनमध्ये बराच वेळ तिचाच भोंगा घुमत होता, आणि मग त्याच्या मागून, जरा खालच्या पट्टीत, थोडं बिचकत, दुसरंच कुणीतरी घुमलं. थोड्या वेळाने आणखी एक. त्या दिवशी तिने आईला फोन केला आणि फोनवर तिला नीट बोलताही येईना. पुढच्या दोन हंगामांत पट्ट्यात घोळींचा चांगला थवा जमू लागला. खाडीत पिल्लं दिसू लागली. बाहेरगावच्या वर्तमानपत्रांत चारूचा फोटो आला.

गावात मात्र तरे कुटुंबाला कुणी हळदीला बोलावेना.

भावेशने याबद्दल तिच्याजवळ कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. त्याची बायको हर्षला बाजारात मासळी घेऊन बसायची. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका हळूहळू सरकून लांब बसू लागल्या होत्या. आई तर जेट्टीकडे जायचीच बंद झाली होती. गुडघे दुखतात असं सांगायची. मग एकदा भावेशचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. त्याने वायरलेसवरून मदत मागितली. आसपास गावच्याच बोटी होत्या. एकीनेही दोर टाकला नाही. तो आणि त्याचे खलाशी ओहोटीबरोबर भरकटत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परक्या गावच्या बोटीने त्यांना ओढून आणलं. अशी गोष्ट खारेकुंडात पूर्वी घडली नव्हती. वैऱ्याची बोट अडकली तरी दोर टाकायचा, ही तिथली रीत.

चारू धावत घरी आली. भावेश ओसरीत बसून चहा पीत होता. ओठ उन्हाने फाटले होते. तिला पाहून तो म्हणाला, की वारा पडला होता म्हणून वाचलो, आणि तिच्या प्रवासाची चौकशी करू लागला. आपल्यामुळे हा माणूस मरता मरता राहिला आणि हा आपल्यालाच विचारतोय, गाडीला गर्दी होती का. चारूला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

त्याच शरमेपोटी तिने ती गोष्ट केली. भावेशने मागितली नव्हती, हर्षलाने सुचवली नव्हती. चाचण्यांसाठी वापरलेला एक लहान भोंगा तिच्याकडे पडून होता. त्यात साद भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो घेऊन बोटीवर गेली आणि भावेशला म्हणाली, की या उधाणाला घोळींची वीण झाली की त्या पांगतात. पट्ट्याच्या हद्दीबाहेर हा पाण्यात सोड. थोड्या येतील. एकदाच जाळं टाक आणि भोंगा मला परत दे. कायद्याने यात काही वावगं नाही, आणि अंडी सोडून झालेली असल्याने नुकसानही फारसं नाही.

भावेशने भोंगा हातात घेऊन पाहिला.

"तुला चालणार आहे का हे?" त्याने विचारलं.

"चालेल."

"मी नाही म्हटलं तर तुला बरं वाटेल की वाईट?"

तिने भोंगा सुरू कसा करायचा ते त्याला दाखवलं. त्याला ते उत्तर वाटलं असावं.

भावेशने दिलेला शब्द तंतोतंत पाळला. विणीचं उधाण उतरल्यावर तो एकदाच गेला, एकदाच जाळं टाकलं. संध्याकाळी जेट्टीवर त्याच्या बोटीतून घोळी उतरल्या तेव्हा गाव गोळा झालं. म्हाताऱ्यांनी वाकून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दामोदर मेहेर स्वतः आले, भावेशच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला नशीबवान म्हटलं. हर्षलाच्या शेजारच्या बायका त्या दिवशी पुन्हा सरकून जवळ बसल्या. भावेशने भोंगा धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून चारूला परत केला. झालं ते एवढंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पण आवाज पाण्यात सोडला की तो आपला राहत नाही, ही गोष्ट चारूएवढी कुणालाच माहीत नव्हती. हवेतल्यापेक्षा पाण्यात आवाज चौपट-पाचपट वेगाने जातो आणि कितीतरी लांब जातो. एव्हाना गावातल्या बऱ्याच बोटींच्या तळाला मासे हुडकणारं यंत्र होतं, आणि नव्या यंत्रांना नुसते डोळे नव्हते, कानही होते. जे कानावर पडेल ते ती ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्या संध्याकाळी भावेशच्या आसपास ज्या बोटी होत्या, त्या सगळ्यांच्या यंत्रांत साद आपोआप उतरली. भावेशला मासे लागले कसे, याची चौकशी कुणालाच करावी लागली नाही. यंत्र उघडून ऐकलं की झालं. पाण्यातले भोंगे बनवणं काही अवघड नव्हतं. एका तरुण मेकॅनिकने आठवडाभरात ते बनवायला घेतले.

आणखी एक गोष्ट होती, जी चारूने भावेशला सांगितली नव्हती, कारण ती तिने स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. घोळींचा सगळा थवा एकाच उधाणाला विणत नाही. पहिल्या उधाणाला तरुण माद्या येतात. थोरल्या, जास्त अंडी घेऊन येणाऱ्या, त्या पंधरवड्याने पुढच्या उधाणाला.

त्या पुढच्या उधाणाला चारू केबिनमध्ये होती. ऊन कलतं होताच पट्ट्यात घुमणं सुरू झालं, नेहमीपेक्षा भरदार. तिने डोळे मिटून ऐकलं. मग तिला काहीतरी खटकलं. पट्ट्याच्या बाहेरून, पश्चिमेकडून, दुसरं घुमणं येत होतं. मोठं, एकसारखं. त्याच्या जोडीला उत्तरेकडून आणखी एक. संगणकाने पडद्यावर हिरव्या खुणा केल्या : घोळ, घोळ, घोळ. चारूने आवाज वाढवला आणि त्या प्रत्येक घुमण्याच्या मध्यावर तिला ती बारीक टिचकी ऐकू आली. तिनेच जोडलेल्या दोन तुकड्यांमधली.

सगळीकडून तिचाच आवाज येत होता. पट्ट्यातल्या घोळी हलल्या. ध्वनिग्राहकांवर त्यांचं जाणं स्पष्ट उमटत होतं. तळाच्या एका कानापासून दुसऱ्यापर्यंत, मग त्याच्या पुढच्यापर्यंत, हद्दीकडे. चारूने पट्ट्यातले सगळे भोंगे पूर्ण जोरात सुरू केले, त्यांना परत बोलावण्यासाठी. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याच आवाजात बोलावणारे बाहेर फार होते. गस्तीच्या नौकेला तिने कळवलं तेव्हा तिथल्या माणसाने पडद्यावर बघून सांगितलं, की हद्दीच्या आत एकही बोट नाही, मग कारवाई कसली? अंधार पडेपर्यंत एकेक घुमणं थांबत गेलं. शेवटी फक्त टिचकीवाले आवाज उरले, आणि तेही एकामागून एक बंद झाले.

सकाळी जेट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. घोळींचे ढीग होते. पोटं टरटरून फुगलेली, काहींची फाटून पिवळ्या अंड्यांच्या गाभोळ्या सिमेंटवर पसरलेल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. म्हाताऱ्या बाया लुगडी खोचून गाणी म्हणत होत्या. चारूला पाहिल्यावर या वेळी कुणी विषय बदलला नाही. उलट रस्ता करून दिला. कुणीतरी तिच्या हातात पेढा ठेवला. भावेशची बोट मात्र धक्क्याला बांधलेलीच होती. तो गेला नव्हता. गाव त्याला हसत होतं, की भोंगा पहिला याच्याकडे आणि हाच घरी झोपला.

चारू त्याच दिवशी संस्थेत गेली आणि तिच्या वरिष्ठ डॉ. इरावती सबनीस यांना तिने सगळं सांगितलं. कुठली गोष्ट लपवली नाही. इरावतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि मग सांगितलं, की हे लेखी द्यायचं नाही. संस्थेच्या माणसाने हे केलं असं बाहेर आलं, तर अशा प्रकारचे सगळेच प्रकल्प बंद होतील, दुसऱ्या किनाऱ्यांवरचेसुद्धा. पाण्यातला आवाज कुणीही मुद्रित करू शकतो, हे खरंच आहे, तेवढंच सांगायचं. पुढे त्या असंही म्हणाल्या, की साद इतकी परिणामकारक ठरते हे तर आता सिद्धच झालं. चारू खुर्चीत बसून होती. तिला बोलणी खायची होती, नोकरी गेली तरी चालणार होतं. बाईंनी तिच्यासाठी कॉफी मागवली.

सत्कार त्या महिन्याच्या अखेरीस झाला. नाही म्हणायचं ती ठरवून आली होती. पण सोसायटीच्या हॉलमध्ये पहिल्याच रांगेत आई बसली होती, ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून, केस नीट विंचरून. गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. आजूबाजूच्या बायका तिच्याशी बोलत होत्या आणि ती मान डोलवत होती, जणू मधली वर्षं झालीच नव्हती. दामोदर मेहेर भाषणात म्हणाले, की आमची पोर कितीही शिकली तरी तिने गावाला अंतर दिलं नाही. सरकारने दार लावलं, पण आपल्या चारूने आतून कडी काढून दिली. टाळ्या पडल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

चारू माईकसमोर उभी राहिली. म्हणायचं होतं ते तिच्याजवळ तयार होतं. तिने आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"तुमचे सगळ्यांचे आभार," चारू म्हणाली आणि खाली बसली.

पुढे आयुष्यात तिने त्या उधाणाबद्दल स्वतःला कधीतरी थोडं माफ केलं असेल. आपल्या भावासाठी केलं, पुढचं कळलं नाही, असं काही म्हणता येत होतं. त्या तीन शब्दांबद्दल मात्र काहीच म्हणता येत नव्हतं. तेव्हा तिला सगळं कळत होतं.

पुढच्या हंगामात खाडीच्या तोंडाशी घोळी आल्या. कमी होत्या, पण होत्या. मासे हुडकणाऱ्या यंत्रांवर त्या दिसत होत्या, तळाशी संथ फिरणाऱ्या. गावाने भोंगे सोडले. घोळी जवळ आल्या नाहीत. चारूने पट्ट्यातून साद घातली. जाब आला नाही. ती रोज कातरवेळी कान लावून बसली. जहाजांची घरघर होती, कोळंबीची कडकड होती, आणि घोळींच्या जागी काही नव्हतं.

कारण समजायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही, आणि म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागलं. घोळींतही सगळे नर सारखे नसतात. काही हाकेला लगेच जाब देतात, जोराने घुमतात, पुढे होतात. काही भित्रे असतात, थोड्याच वेळा घुमतात, मागे राहतात. जे धीट होते ते सगळे त्या एका उधाणाला जाळ्यात गेले. मागे राहिले ते न बोलणारे. शिवाय जे जाळ्याला चाटून निसटले, त्यांच्यापुरता घुमण्याचा अर्थ बदलला होता. आता पाण्यात कुणी घुमलं की त्यांना तिथून दूर जायचं होतं. माद्या येत होत्या, पोटात अंडी होती, पण मुहूर्त सांगणारं कुणी नव्हतं. अंडी कुणी आज सोडी, कुणी उद्या, आणि ती तशीच वाहून जात. खाडीत पिल्लं दिसेनाशी झाली. एका मोसमात चारूने घोळींकडून त्यांची भाषाच काढून घेतली होती.

तिने ठरवलं, की निदान पाणी तरी शांत करायचं. खोट्या हाका थांबल्या तर कदाचित, वर्षांनी का होईना, एखादा नर धीर करील. तिने सोसायटीत बैठक बोलावली आणि सगळ्यांना हे सारं समजावून सांगितलं. भोंगा भावेशला आपणच दिला, हेही उघडपणे कबूल केलं, आणि शाल परत करायला आणली होती ती टेबलावर ठेवली. लोक अवघडले. दामोदर मेहेर म्हणाले, की असं मनाला लावून घ्यायचं नसतं, ज्याने त्याने आपापल्या पोटासाठी केलं. शाल उचलायला कुणी पुढे झालं नाही.

मग मागून हर्षला उठली. ती चारूशी कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

"ताई, तुम्हाला लाज वाटते, ती तुमची खरी आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या पट्ट्यापायी मी बाजारात मान खाली घालून बसत होते, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर केली. आता तुम्ही सांगता म्हणून ती पुन्हा खाली घालू का?"

हर्षलाचं चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं. बैठक तशीच उठली. भोंगे नंतर थांबले, पण ते चारूच्या बोलण्याने नव्हे. त्यांच्या आवाजाला मासे येईनात म्हणून थांबले. कुणी त्यांची तांब्याची तार काढून विकली, कुणी रिकामे सांगाडे जाळ्याला वजन म्हणून बांधले.

संस्थेने साद गुंडाळली आणि चारूला बढती देऊन दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवायचं ठरवलं. तिने बढती घेतली नाही. खाडीच्या काठावरची केबिन आणि ऐकायचं काम तेवढं तिने मागून घेतलं. ते कुणालाच नको होतं, म्हणून मिळालं. विणीच्या दिवसांत ती भावेशच्या बोटीतून पट्ट्यात जाई. इंजिन बंद करून ध्वनिग्राहक पाण्यात सोडायचा, अंधार पडेपर्यंत ऐकायचं आणि परत यायचं. भावेश समोर बसून जाळं विणत राही. दोघं फारसं बोलत नसत.

एकदा मात्र तो बोलला होता.

"तू दिलंस ते मी घ्यायला नको होतं."

"तू कुठे मागितलं होतंस?"

"म्हणून तर नको होतं," तो म्हणाला. "मला दिसत होतं, तू का देतेयस ते."

वर्षं गेली. आई गेली. दामोदर मेहेरांच्या जागी दुसरे चेअरमन आले. ती घोळींच्या ढिगांची सकाळ गावात आता सणासारखी आठवली जाई, आणि ज्यांनी ती पाहिली नव्हती ते लोकही तिच्या गोष्टी सांगत. चारूच्या केसांत पांढरं दिसू लागलं. दर हंगामात ती संस्थेला एकच ओळ कळवी, की घोळीचा आवाज आढळला नाही. तिथे ती ओळ कुणी वाचत असेल असं तिला वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी समुद्र शांत पडलेला होता. उधाणाचं पाणी खाडीत शिरून थांबलं होतं, वळायच्या बेतात होतं. भावेशने इंजिन बंद केलं. चारूने ध्वनिग्राहक सोडला आणि हेडफोन कानावर घेतला. लांबून जहाज चाललं होतं. ते गेलं. कोळंबी कडकडत होती.

मग खालून कुणीतरी घुमलं.

एकदाच. हलकं, तुटक, मध्येच सोडून दिल्यासारखं. टिचकी नव्हती. तिने पडद्याकडे पाहिलं; ध्वनिमुद्रण चालू होतं, आणि संगणक त्या आवाजाभोवती हिरवी खूण काढायला लागला होता. बराच वेळ काही झालं नाही. पुन्हा घुमलं. या वेळी थोडं लांबलं. थांबलं. कुणीतरी जाब देतंय का, हे ते ऐकत असावं.

तिला रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. उघड्या दारातून दुसऱ्याच्या घरातलं बोलणं कानी पडावं आणि आपण इथे उभं असायला नको होतं असं वाटावं, तसं तिला वाटलं. तिने हात पुढे करून मुद्रण बंद केलं. झालं होतं तेवढं पुसून टाकलं. मग दोर ओढून ध्वनिग्राहक हळूच वर घेतला, पाण्यात थेंब वाजू नयेत म्हणून पदरात धरला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

भावेशचे हात जाळ्यावर थांबले होते. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"काही लागलं का कानाला?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने थोडा वेळ तिच्याकडे आणि थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं. मग जाळं बाजूला सारलं, इंजिनाकडे गेलाच नाही. फळ्यांखालून वल्हं काढलं, बोटीच्या काठाला वल्हं टेकतं तिथे ओला गोणपाट गुंडाळला, आणि भरती वळायची वाट न बघता तो हलक्या हाताने बोट गावाकडे वल्हवू लागला.